सायलीच्या लग्नाचा कॅमेरा

कामरगाव

प्रिय सायली,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. ‘कन्यादान सोडलं तर बाबांनी कॅमेरा हातातून खाली ठेवायचा नाही, माझ्या लग्नाचे फोटो दुसऱ्या कोणी काढायचे नाहीत’ असा हुकूम सोडून तू पुण्याला निघून गेलीस. वर दोन कॅमेऱ्यांची नावं धाडलीस, लेन्स आहेतच, यातली कुठली बॉडी घेऊ ते कळवा म्हणून. अगं, एवढा विचार मी तुझं स्थळ बघतानाही केला नव्हता! शेवटी अकोल्याहून दोन्ही बॉड्या दोन दिवस भाड्याने आणल्या आणि इंझोरीच्या एका लग्नात पारखून घेतल्या.

मोठी बॉडी म्हणजे काय सांगू! आपल्या जुन्या लेन्स तिला झकास बसतात. पण तिला सगळंच दिसतं. नवरदेवाच्या मिशीचा काळा रंग ओठावर कुठे उतरलाय, तेही तिने टिपलं. वजन असं, की संध्याकाळी मान वळेना. छोटी हलकी, माणसाचे डोळे स्वतःच शोधून फोकस धरते. फक्त मंडपात मागे शुभेच्छुकांचं बॅनर होतं. नवरी राहिली बाजूला, हिने फोकस धरला तो बॅनरवर हात जोडून उभ्या असलेल्या पुढारी गुलाबसिंगभाऊंवर!

शिवाय फोटो काढताना ती वाजत नाही. नवरदेवाची आजी, हौसाबाई, खुर्चीत ताठ बसल्या. मी चार फोटो काढले तरी श्वास रोखून तशाच. शेवटी वैतागल्या, “काहून रे बापूराव, वाजला तं नाही, मंग फोटो निंगन कसा?” मी आवाजाचं बटण शोधत बसलो. तेवढ्यात तुझ्या आईने, सत्तावीस वर्षं माझ्यामागे लाइट धरून उभ्या राहिलेल्या तुझ्या आईने, कॅमेरा माझ्या हातून घेतला, डोळ्याला लावला आणि तोंडानेच ‘खच्याक!’ म्हणाली. हौसाबाई अशा हसल्या की त्यांचा एकुलता एक दात दिसला, आणि आईने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. मग काय, मंडपभर ती ‘खच्याक’ करत फिरली. घरी येऊन फोटो पाहिले. सायली, माझ्यापेक्षा चांगले आले होते. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

तर छोटीच घे, पण आईसाठी. ‘लग्नात तुला रडू येईल, जमेल का?’ असं मी तिला विचारलं. म्हणाली, “रडता रडता काढीन. इतकी वर्सं उजेड धरला, आता मले बी पाहू द्या.”

आता खरं कारण सांगतो. तुझा हुकूम मी मोडणार आहे. आठशेच्या वर लग्नांत मी पुढे उभा राहिलो, पण मंगलाष्टकांच्या वेळी माझा एक डोळा कायम मिटलेला आणि दोन्ही हात गुंतलेले. लोकांच्या अक्षता अंगावर झेलल्या, स्वतः एकदाही टाकल्या नाहीत. मला तुला दोन्ही डोळ्यांनी बघायचंय गं. रागावू नकोस. तुझ्या डोक्यावर अक्षतांची पहिली मूठ माझी पडू दे.

तुझाच,
बाबा