बिनगोळीचा रविवार

१२ ऑगस्ट १९६३
वरण करपलं. भांडं घासायला घेतलं, तेवढ्यात हजेरीपट शाळेतच राहिल्याचं आठवलं. आणायला निघालो, तर वाटेत सुताराकडे बंडीचं चाक बसवत होते, तिथेच बसलो. अंधार पडल्यावर घरी. भांडं तसंच, हजेरीपट शाळेतच. ओसरीच्या भिंतीला चुनाही अर्धाच.

१९ ऑगस्ट
शेवंता अजून बाभुळगावला, माहेरी. आमच्या लेकीला, ताराला, घेऊन गेली. उन्हाळ्यात सासूबाई वारल्या तेव्हा मी चारचौघांत विचारलं, आजारी कधीपासून होत्या? शे. महिनाभर रोज सांगत होती म्हणे, आणि मी रोज हो हो म्हणत होतो.
शे. म्हणाली, "भिंतीशी बोललं त परवडते. भिंत हो हो त नाही म्हनत."
सगळं आटोपलं, पण ती परत आली नाही. बायकोला दोष कुठल्या तोंडाने देऊ.

२ सप्टें.
वणीला दवाखान्यात. डॉक्टर नवे, नागपूरकडचे. म्हटलं, वर्गात झापड येते, एक काम तडीस जात नाही. विचारलं, चहाने तरतरी येते का? म्हटलं, कडक चहा घेतला की झोप लागते. ते हसले नाहीत, काहीतरी लिहून घेतलं. पांढऱ्या गोळ्या दिल्या. रोज सकाळी एक. "संध्याकाळी घेऊ नका, जागरण होईल."

४ सप्टें.
घेतली. तरतरी कसली, उलट गप्प झालो. डोक्यात सदा बाजार भरलेला असतो, आज तो उठला. चौथीच्या वह्या एका बैठकीत तपासल्या. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक धीट पोरगी जवळ आली, "गुर्जी, तब्येत बरी नाही का?"

१६ सप्टें.
पुन्हा डॉ.कडे. जागं राहण्याच्या गोळीने माणूस शांत कसा होतो, विचारलं. ते म्हणाले, परदेशात चुळबुळ्या पोरांना हीच देतात, पोरं बसून अभ्यास करतात.
"गुरुजी, वर्गात दंगा कशाने होतो? पोरं फार जागी असतात म्हणून? का मास्तर डुलक्या घेतो म्हणून?"
कपाळामागे मेंदूचा एक भाग असतो, तो बाकीच्यांना आवरतो. माझा डुलक्या घेतो. गोळी त्याला उठवते.
पुढे कागदावर काढून दाखवलं. मज्जातंतू एकमेकांना चिकटलेले नसतात, मधे फट असते. अलीकडचं टोक रसाचा थेंब सोडतं, पलीकडचं तो घेतं, असा निरोप पुढे जातो. थेंब थोडा पडला, किंवा सोडणाऱ्यानेच लगेच परत ओढून घेतला, तर निरोप अर्ध्यात राहतो. गोळीने थेंब जास्त सुटतो आणि फटीत जरा टिकतो. असं दिसतं म्हणाले. "पक्कं अजून कोणालाच ठाऊक नाही. माझ्या नावावर सांगत फिरू नका."
येताना सायकल वाटेत आडवी घातली आणि रडलो. लहानपणापासून आळशी, बेपर्वा हेच ऐकत आलो. मलाही ते खरंच वाटत होतं.

२५ सप्टें.
भूक मेली आहे. सकाळची भाकर संध्याकाळीही तशीच. चुना पुरा केला.
घर फार मोठं वाटतं. आधी शे. नाही हे मधूनच केव्हातरी आठवायचं. आता सकाळी आठवतं ते दिवसभर जात नाही. याच्यावर काही गोळी...

३ ऑक्टो. पौर्णिमा
बुद्धवंदनेला डोळे मिटून शेवटपर्यंत बसलो. आजवर जमलं नव्हतं. पण पाचव्या शीलाशी अडलो. नशा करणार नाही हे तोंडाने म्हणायचं, आणि सकाळी गोळी खाऊन यायचं? दीक्षेच्या वेळी पहिल्या मोटरीने नागपूरला गेलेले आमचे दौलतबाबा. त्यांना विचारलं, आपलं नाव न घेता. एकाला डोकं ठिकाणावर राहायला औषध लागतं, तर शील मोडलं का?
बाबांनी मला आधी नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "माहा बाप दारू पेला की घर इसरे. तुमचा तो मानूस औषधानं इसरते का आठोते?"
आठवतं, म्हटलं. फार आठवतं.
"मंग मले कायले इचारता, गुर्जी? घरी जा न."
आपलं नाव घेतलं नाही ते फुकटच गेलं.

२१ ऑक्टो.
शाळेला सुट्टी. दोन मोटरी बदलून बाभुळगाव. सासरे, मामाजी, कापसाच्या जिनावर हमालीला गेलेले. शे. दाराशी तूर निवडत होती. म्हटलं, आईंचं सांग. आधी तयार होईना. मग बोलली, सुपातली तूर संपली तरी बोलत होती. शेवटी शेवटी आईंना पाणी उतरत नव्हतं, ओल्या फडक्याने ओठ भिजवायची. मी शेवटपर्यंत ऐकलं.
"आता काहून ऐकून राह्यले?" म्हणाली आणि रडली.
गोळीचं सांगायला हवं होतं.

४ नोव्हें.
सदरे ढगळ झालेत. रात्री छाती धडधडते. डॉ. म्हणाले, रविवारी गोळीला सुट्टी द्या, आणि जन्मभर खायची असं धरून चालू नका. मी ते धरूनच बसलो होतो.

२२ नोव्हें.
शे. आली! ताराला आजोबांजवळ ठेवून, एकटी. चार दिवस बघते म्हणाली. चुन्यावरून हात फिरवला.
संध्याकाळी फडताळात बाटली दिसली. सगळं सांगितलं, थेंब, फट, मास्तर. बाटली हातात घेऊन ऐकत होती.
"म्हंजे माह्या मायचं ऐकलं, ते तुमी ऐकलं का या गोळीनं?"
हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

२४ नोव्हें. रविवार
गोळी नाही. सकाळपासून डोक्यात बाजार. चुलीपाशी बसून शे. बोलायला लागली. मामाजी एकटे पडलेत, तारा तिकडच्या शाळेत रमली आहे. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. बाहेरून कापसाची बंडी गेली, एक चाक कुरकुरत होतं, वंगण संपलं असणार, सुताराला सांगायला हवं...
"मंग? तुमी काय म्हनता?"
इथे राहणार की जाणार, हेच सांगितलं असणार. माझ्याकडून मधलं सगळं निसटलं. तोंडाशी हो आलं होतं. म्हटलं, "नाही ऐकलं मी. पुन्हा सांग."
तिने चुलीत काडी सारली. चिडली की नाही, कळलं नाही.
"पहिले भाकर खा."
खाल्ली. आज भूक होती. ती आत भांडी घासते आहे, मी दाराशी बसलो आहे. तिने अजून पुन्हा सांगितलेलं नाही.