अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे

३ नोव्हेंबर, सोमवार
आज नव्या खोलीत आलो. दुसरा मजला, नंबर बारा. खोली झकास आहे. खिडकीत ऊन येतं, नळ गळत नाही, खाट कुरकुरत नाही. लेक सामान लावून दुपारच्या गाडीने गेली. जाताना ही वही दिली. म्हणाली, बाबा, मनात जे जे शिजतं ते इथे लिहा, रोज फोनवर मला वाढू नका. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण गोदामाच्या फाटकावर एकोणचाळीस वर्षं गाड्यांची नोंद केली. आत किती वाजता, बाहेर किती वाजता. आत गेलेली गाडी बाहेर येईपर्यंत जिवाला चैन नसायची. अजूनही स्वभाव तोच.

या इमारतीत सगळे एकेकटेच राहतात. कारभार बघणाऱ्या बाईंनी फॉर्म भरून घेतला. शेवटचा रकाना होता, अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे. मी लेकीचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, आजोबा, दहा तासांवरची लेक काय कामाची, पडलात तर दार उघडणारं माणूस हवं. म्हणून तर इथे दारांना आतून कड्याच ठेवलेल्या नाहीत. मग त्यांनी शेजारच्या अकरा नंबरच्या शिंपी मास्तरांना बोलावलं. त्यांचाही रकाना रिकामाच होता. ते माझे, मी त्यांचा, असं ठरलं. जादा किल्ल्यांची अदलाबदल झाली. मास्तर म्हणाले, चला, या वयात सोयरीक जुळली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मास्तर रागावले. चूक माझीच. मंगळवारी त्यांच्या खोलीतून आवाज येईना म्हणून किल्लीने दार उघडलं, तर ते झोपले होते. काल उघडलं, तर अंघोळ करत होते. आज पुन्हा गेलो. पट्टीवाल्या चड्डीवर उभे होते. अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडले, अहो फाटकवाले, मला जिवंतपणीच खांदा द्यायची घाई झालीय का? दहा नंबरवाला दारात उभा राहून हसत होता.

संध्याकाळी स्वतःच चहा घेऊन आले आणि तोडगा काढला. रोज सकाळी आठला ते मधल्या भिंतीवर दोन ठोके देणार. दोन ठोके म्हणजे मी बरा आहे. मीही उलट दोन द्यायचे. उत्तर आलं नाही तर दुपारी बारापर्यंत थांबायचं, मग किल्ली लावायची. बाराच्या आधी नाही. मला शपथ घ्यायला लावली, आपणही घेतली. शिंप्याने दिलेली वेळ पाळली असं जगात एकदा तरी होऊ दे, म्हणाले.

९ नोव्हेंबर, रविवार
तोडगा चांगला आहे. मास्तर शिवताना बोटात घालायच्या पितळी टोपीने ठोकतात. टक टक. स्वच्छ आवाज. आठ वाजून एक मिनिट कधी होत नाही. बऱ्याच वर्षांनी पोटभर जेवलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आठला ठोके नाहीत. मी दोन दिले. उत्तर नाही. साडेआठला दिले, दहाला दिले.

बाराला किल्ली घेऊन त्यांच्या दाराशी गेलो. किल्ली कुलपात घातली, पण फिरवली नाही. ओरडले तर? पुन्हा सगळा मजला हसेल. आणि नाही ओरडले तर? खरं तर याचीच जास्त भीती वाटली. परत आलो.

बारा वाजून वीस मिनिटांनी भिंतीवर ठोकून बघितलं. उत्तर आलं. दोन. जरा सावकाश. जीव भांड्यात पडला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
रोज आठला दोन ठोके येतात. मास्तर मात्र चार दिवस दिसलेले नाहीत. दाराबाहेर वर्तमानपत्रं साचली आहेत. रुसले असतील. विक्षिप्त माणूस.

एक गोष्ट लिहावी की नको. ठोके आता खालून येतात. भिंतीच्या तळाशी, जमिनीलगत.

१७ नोव्हेंबर, सोमवार
वासामुळे दहा नंबरवाल्याने बाईंना बोलावलं. बाईंनी माझ्याकडची किल्ली घेऊन दार उघडलं. मास्तर भिंतीला लागून जमिनीवर पडले होते. बोटात पितळी टोपी होती.

डॉक्टर म्हणाले, पाच दिवस झाले. बुधवारी सकाळीच गेले असावेत.

बाईंनी विचारलं, आजोबा, किल्ली तुमच्याकडेच होती ना? मी सांगितलं, रोज ठोके येत होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
खोली रिकामी केली. सगळं नेलं. मास्तरांकडे दिलेली माझ्या खोलीची किल्ली सापडली नाही. बाई म्हणाल्या, त्या पसाऱ्यात कोण शोधणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आठला. दोन. खालून.

मी उत्तर दिलं. दुसरं काय करणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार
पुन्हा. पुन्हा उत्तर दिलं. उत्तर दिलं की दिवस निभतो.

बाईंकडे गेलो, रकान्यातलं नाव बदला म्हणालो. त्या म्हणाल्या, बदलते, दुसरं नाव सांगा. दहा नंबरवाला म्हणाला, मला माझंच झेपत नाही. चौदा नंबरची बाई म्हणाली, तुम्ही मास्तरांना सांभाळलंत तसंच तुम्हाला सांभाळायचं ना? लेक म्हणाली, बाबा, पुढच्या महिन्यात येते, तोवर कुठलं तरी नाव असू द्या.

नाव तेच आहे.

कुलूप बदलणारा सोमवारी येतो म्हणाला.

२२ नोव्हेंबर, शनिवार
डाव्या हाताने लिहितोय. सकाळी खाटेवरून उतरताना पडलो. उजवा हात, पाय — माझे नाहीतच. तोंडातून शब्द निघत नाही. वही उशाशी होती, ती माझ्याबरोबर खाली आली. भिंत तीन पावलांवर.

आठला दोन ठोके. पोचलो नाही.

साडेआठला दोन.

दहाला — मीही दहाला दिले होते. अगदी तसेच. बाहेरून कोणी गेलं, ओरडलो, नुसता घरघर आवाज. चपला पुढे गेल्या.

अकरा. भिंत अजून दोन पावलं. सरकत नाही.

मी गेलो नव्हतो. किल्ली कुलपात घालून परत आलो. ते तसं करणार नाहीत. त्यांनी शपथ —

बाराला पाच कमी. अकरा नंबरचं दार वाजलं. बाहेरच्या भिंतीवरून टक — टक — जमिनीलगत — माझ्या दाराकडे

बारा. किल्ली फिरतेय

मास्तर मी बरा आहे मी बरा आहे मी ब