एकशे त्रेचाळीस रेकॉर्डी आणि एक ओरखडा

मी, नरहर बाळकृष्ण देवस्थळी, वय एकोणऐंशी, कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त, राहणार अरेरा कॉलनी, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो आणि डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण त्यामुळे सही करण्यास आणि खरे काय ते सांगण्यास अडचण नाही. मी हे लिहावे असा कोणाचा दबाव नाही. उलट लिहू नये असा थोडा दबाव माझा मुलगा परीक्षित याने आणून पाहिला. तो मी मानला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी दाखवलेच तर ते रद्द समजावे.

वकील अश्विनी ताम्हनकर यांनी मला सांगितले होते, "काका, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. का द्यायचं, ते कायदा विचारत नाही." कायदा विचारत नसेल, परीक्षित विचारेल. म्हणून तेही लिहितो.

१. अरेरा कॉलनीतील राहते घर परीक्षितला मिळावे. ते ठेवायचे की विकायचे हे त्याने आणि सूनबाई मेघा हिने ठरवावे. दोघे पुण्यात रमले आहेत, त्यांनी भोपाळला परत यावे असा माझा आग्रह नाही. घर विकल्यास घेणाऱ्याला सांगावे, की मागच्या दाराची कडी आधी वर उचलावी लागते, मग ओढावी. सांगितले नाही तर तो ती पहिल्याच दिवशी मोडेल.

२. बँकेतील ठेवीही परीक्षितच्याच. माझ्या क्रियाकर्मात त्याने हात आखडता घ्यावा. शोकसभा, मोठी तसबीर, पेपरात जाहिरात, यांतले काही नको.

३. माझी मोजमापाची हत्यारे, म्हणजे दोन मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि लाकडी पेटीतली कंपासपेटी, नातू यश याला द्यावीत. तो इंजिनीअरिंग शिकतो. हत्यार हातात घेतल्यावर आधी त्याचे शून्य तपासावे, मग दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवावे, हे मी हाताखालच्या लोकांना सदतीस वर्षे सांगितले. मी स्वतः एकदा ते केले नाही. त्याची हकीकत कलम पाचमध्ये आहे आणि ती यशने विशेष लक्ष देऊन वाचावी.

४. माझी पत्नी कै. सिंधू हिचे दागिने मेघाला मिळावेत. सिंधूच्या साड्या मी हयातीतच तिच्या मैत्रिणीला, विमलवहिनी टेंबे यांना देऊन टाकल्या आहेत. मेघाने त्या शोधू नयेत आणि गैरसमजही करून घेऊ नये.

५. आता दिवाणखान्यातील ऐकण्याचा सगळा संच. यात पट्ट्यावर फिरणारा टर्नटेबल, त्याचा वेगळा घेतलेला टोनआर्म (सुई धरणारा हात), सुई बसते ते कार्ट्रिज, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, दोन उभे स्पीकर आणि एकशे त्रेचाळीस रेकॉर्डी येतात. किंमत मी कोणाला सांगितली नाही, इथेही लिहीत नाही.

हे कलम लांबणार आहे.

मी एकोणसत्तर साली सांगलीहून भोपाळच्या सरकारी कारखान्यात नोकरीला आलो. एकाहत्तरमध्ये शेजारच्या क्वार्टरमध्ये श्याम टेंबे राहायला आला. तो फिटर, मी इन्स्पेक्टर. त्याने केलेले काम मी तपासायचे, असे आमचे नाते. पण क्वार्टरमध्ये आल्यावर ते कोणाच्या लक्षात राहत नसे. मी रेकॉर्ड चेंजर घेतला, तेव्हा तो स्टेशनवरून घरापर्यंत श्यामने मांडीवर धरून आणला. चेंजर म्हणजे एकावर एक सहा रेकॉर्डी ठेवायच्या. एक संपली की सुईचा हात आपोआप बाजूला होतो आणि दुसरी खाली पडते. रविवारी सकाळी श्याम, विमलवहिनी आणि त्यांची लहान अबोली आमच्याकडे येत. सिंधू पोळ्या लाटता लाटता ऐकायची. नवी रेकॉर्ड आली की तिच्या कव्हरच्या मागे पेन्सिलीने तारीख घालायची आणि पहिल्यांदा ऐकताना कोण कोण होते ते लिहायची. टेंबे कुटुंबाचे नाव जवळजवळ प्रत्येक कव्हरवर आहे.

सत्त्याऐंशी साली श्यामने माझ्याकडून एक रेकॉर्ड मागून नेली. ग्वाल्हेरच्या एका बुवांची, एका बाजूला तोडी आणि दुसऱ्या बाजूला भैरवी. सिंधूच्या वडिलांनी ती आम्हाला दिली होती. आठ दिवसांनी श्यामने परत आणून दिली. त्याच संध्याकाळी मी लावली, तर तोडीत दर फेऱ्याला टक, टक, टक. उजेडात धरून पाहिली. कडेपासून आत जाणारा बारीक ओरखडा होता.

मी ती घेऊन त्याच्या दारात गेलो. तो म्हणाला, "नरहर, मी दोनदाच लावली. माझ्या हातून काही झालेलं नाही."

मी म्हणालो, "तुझ्या हातात पाना शोभतो, रेकॉर्ड नाही."

 त्याने दार हळू लावले. आपटले असते तर बरे झाले असते, असे मला पुढे अनेकदा वाटले.

त्यानंतर पाच वर्षे आम्ही शेजारी राहून बोललो नाही. ब्याण्णवमध्ये मी अरेराला घर बांधले, टेंबे शहराच्या दुसऱ्या बाजूला, सोनागिरीला गेले. चेंजर बिघडला, कॅसेटी आल्या, रेकॉर्डी ट्रंकेत घालून मी माळ्यावर टाकल्या. दोन हजार एकमध्ये अबोलीच्या लग्नाची पत्रिका आली. सिंधूने विचारले, "मी एकटी जाऊन येऊ?" मी म्हणालो, "जा, पण मग मला जेवायला वाढू नकोस." ती गेली नाही. हे वाक्य मी कोणापुढे बोललो नव्हतो. इथे लिहिले आहे, कारण मृत्युपत्रात खोटे लिहू नये आणि लपवूही नये.

दोन हजार चौदामध्ये सिंधू गेली.

दोन हजार एकोणीसच्या दिवाळीत परीक्षितने माळा झाडायला काढला आणि ट्रंक खाली आणली. "बाबा, हे आता कबाडीला देऊ या. सगळं फोनवर मिळतं." मी वरची रेकॉर्ड उचलली. मागे सिंधूचे अक्षर. मी परीक्षितला म्हणालो, "मिळत असेल. पण फोनला दर वीस मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागत नाही. मला डॉक्टरांनी उठबस करायला सांगितलं आहे."

महिन्याभरात मी हा संच घेतला. पहिल्या सकाळी तीच तोडी लावून सुई टेकवली तेव्हा गाणे सुरू होण्याआधी बुवांनी घेतलेला श्वास ऐकू आला. मागे तंबोऱ्याची एक तार किंचित उतरलेली होती, तीही कळली. चाळीस वर्षांपूर्वी हे सगळे त्याच रेकॉर्डीत होते. आम्हालाच ऐकू येत नव्हते. सिंधूने हे ऐकले असते तर पोळी तव्यावर जळली असती. मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. बाजू संपून सुई नुसती फिरत होती.

पण इतक्या चांगल्या सुईपुढे खोटही लपत नाही. टकटक आता दारावर थाप पडल्यासारखी येई. म्हणून मी सगळ्या रेकॉर्डी एकेक करून धुवायला घेतल्या आणि धुताना भिंगाखाली पाहू लागलो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले, की तोडीवरच्यासारखाच ओरखडा दुसऱ्या एका रेकॉर्डवर आहे. मग आणखी एकीवर. एकंदर बारा निघाल्या. तोडी सोडली तर बाकीच्या अकरा कधी घराबाहेर गेल्याच नव्हत्या.

मी ट्रेसिंग पेपर ठेवून बाराही ओरखडे उतरवले. एकाच वर्तुळाचे तुकडे. माळ्यावरून जुना चेंजर काढला आणि त्याच्या हाताची लांबी मोजली. कंपासमध्ये तेवढे माप घेऊन कागदावर कंस काढला, तो बाराही रेघांवर तंतोतंत बसला. हात उचलणारी स्प्रिंग मेली होती. रेकॉर्ड संपल्यावर परत जाताना हात पुरता वर उठत नव्हता आणि सुई घासत जात होती. तोडीवरचा ओरखडा श्यामने ती नेण्याआधीच आमच्याकडे पडला होता. श्यामच्या प्लेयरचा हात आखूड होता, त्याने असा ओरखडा पडूच शकत नव्हता.

केसाएवढ्या फरकासाठी मी लोकांची कामे परत पाठवली. स्वतःचे यंत्र उघडून पाहिले नाही.

दोन हजार वीसच्या जानेवारीत, तेहतीस वर्षांनी, मी ते कागद गुंडाळून रिक्षाने सोनागिरीला गेलो. दार श्यामनेच उघडले. केस पांढरे झालेले, पाठ थोडी वाकलेली. मला वाटले, त्याने ओळखले नाही.

तो म्हणाला, "सिंधूवहिनी गेल्या तेव्हा भदभद्याच्या स्मशानघाटावर मी मागे उभा होतो. तू पाहिलं नाहीस."

आतून विमलवहिनींचा आवाज आला, "अहो, त्यांना आधी आत तर घ्या."

मी टेबलावर कागद पसरले आणि काय झाले ते सांगितले. श्यामने चष्मा लावला आणि एकेक कागद उजेडाकडे धरून पाहिला. ड्रॉइंग वाचण्यात त्याचे आयुष्य गेलेले. त्याला समजावून सांगावे लागले नाही.

"लिफ्टची स्प्रिंग," तो म्हणाला. "तेव्हा मशीन दाखवलं असतंस तर दहा मिनिटांचं काम होतं."

मी म्हणालो, "श्याम, मी चुकलो."

"रेकॉर्डचं मी केव्हाच सोडून दिलं. पण पाना शोभतो म्हणालास, तेव्हा अबोली माझ्या मागे उभी होती. दहा वर्षांची. तिने विचारलं, बाबा, पाना वाईट असतो का?"

 मी कागद गोळा करू लागलो. तेव्हा विमलवहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सिंधूला हे कळायला हवं होतं. मी सांगितलं असतं तिला, हाटात."

"कुठल्या हाटात?"

"बिट्टन मार्केटच्या. तुम्ही अरेराला गेल्यापासून आम्ही तिथेच भेटायचो. मी दोन बस बदलून यायचे."

बावीस वर्षे! सिंधूला भाजी आणायला दोन तास लागत. मी चेष्टेने म्हणायचो, "भाजी निवडतेस की पिकवतेस?" ती नुसती हसायची. अबोलीच्या लग्नाच्या वेळी तिने एक पिवळी रेशमी साडी घेतली होती, ती पुन्हा घरात दिसली नाही. विचारल्यावर म्हणाली, रंग आवडला नाही, परत केली. ती साडी अबोली लग्नात नेसली होती, हे विमलवहिनींनी त्या दिवशी सांगितले.

मला क्षणभर रागच आला, हेही लिहून ठेवतो. मग त्या रागाची लाज वाटली. आणि शेवटी, परतताना रिक्षात, फार हलके वाटले. माझ्या हेक्याने सिंधूची मैत्रीण गेली नव्हती. तिने ती माझ्यापासून वाचवून ठेवली होती.

श्यामने त्या दिवशी माफ केले असे म्हटले नाही. पुढच्या रविवारी मात्र तो आला, अबोलीला घेऊन. अबोली शाळेत विज्ञान शिकवते. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "काका, मला ते वाक्य आठवतं. पण मी ते धरून बसले तर मीही तुमच्यासारखीच होईन." मग तिने विचारले, "सुईचं वजन कसं मोजतात?" आज माझा हात कापतो, म्हणून कार्ट्रिज तीच बसवते आणि माझ्यापेक्षा नीट बसवते. श्यामने गोविंदपुऱ्यातल्या ओळखीच्या लेथवर रेकॉर्डीवर ठेवायचे एक पितळी वजन स्वतः कातून आणले. मी ते मापले. शून्य तपासून मापले. एका बाजूलाही फरक नव्हता, आणि मी ते त्याला तोंडाने सांगितले.

लॉकडाऊनमध्ये मी फोन स्पीकरसमोर धरायचो. श्याम पलीकडून ओरडायचा, "पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतंय! पण ठेवू नको."

हा सगळा संच मला श्यामला द्यायचा होता. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. त्याला किंवा त्याच्या पत्नीला. मी श्यामला विचारले, "संच घेतोस की सही करतोस?" तो म्हणाला, "माझे कानही आता तुझ्यासारखेच. संच अबोलीला दे. मी सही करतो."

तरी हा संच, सर्व रेकॉर्डी आणि त्यांच्या कव्हरांसह, सौ. अबोली समीर गोखले, माहेरची टेंबे, हिला मिळावा. परीक्षितने संच आणि रेकॉर्डी वेगळ्या करू नयेत. तोडीची रेकॉर्ड टाकून देऊ नये, तिच्या बदल्यात दुसरी चांगली मिळाली तरीही. अबोलीने जुन्या रेकॉर्डी जपून नुसत्या ठेवू नयेत, लावाव्यात. नवी आणली तर कव्हरच्या मागे पेन्सिलीने तारीख घालावी आणि कोण होते ते लिहावे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी परीक्षितने करावी. तो चांगला मुलगा आहे. कबाडीचे मी मनावर घेतलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

भोपाळ, रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५

(सही) नरहर बाळकृष्ण देवस्थळी

साक्षीदार पहिला: डॉ. अनिकेत सबनीस, अरेरा कॉलनी. मृत्युपत्र करणाऱ्यास आजच तपासले. प्रकृती व स्मरणशक्ती उत्तम.
मृत्युपत्र करणाऱ्याशी ओळख: सहा वर्षे.
(सही)

साक्षीदार दुसरा: श्याम वासुदेव टेंबे, सोनागिरी, निवृत्त फिटर.
मृत्युपत्र करणाऱ्याशी ओळख: चौपन्न वर्षे, मधली तेहतीस धरून.
(सही)