ढिगावरचे गवत काढल्याबद्दलचा खुलासा

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
खाण-ढीग स्थिरीकरण योजना,
खोपोली, जिल्हा रायगड (आमच्या वेळचा कुलाबा)

अर्जदार : भागूबाई कोम कोंडाजी घारे, राहणार करंजपाडा, तालुका खालापूर

विषय : माझ्या भातखाचरात घसरून आलेला खाणीचा ढीग उचलण्याबाबत व त्यावरचे गवत काढल्याची नोटीस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दिनांक १८ जानेवारी १९८४.

महोदय,

मराठी चौथी मी कर्जतला पास झाले आहे, म्हणून हा अर्ज स्वतः लिहीत आहे. आपल्या कचेरीबाहेर बसणारे अर्ज लिहिणारे गृहस्थ प्रत्येक वाक्यात 'कृपाळू' घालतात. मला तो शब्द इथे कुठे बसवावा हे समजले नाही.

१. माझ्या खाचरावरचा उतार हे आमचे वरकस. आपण बाहेरगावचे, म्हणून सांगते. वरकस म्हणजे भातजमिनीला जोडलेला माळ. तिथले गवत आणि ऐनाच्या फांद्या आणून राबाच्या जागी पसरायच्या, भाजायच्या आणि त्या राखेत भाताचे बी टाकायचे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी देवळाआधी मला हा उतार दाखवला. यंदा कोणत्या ऐनाची फांदी घ्यायची, कोणता मोकळा ठेवायचा, सगळे सांगितले. १९७१ साली खडीची खाण आली आणि त्याच उतारावर मुरूम, माती आणि क्रशरची भुकटी ओतू लागली. माझे वडील घाटात दगड फोडायला जात. तिथेही टाकाऊ दगड निघत असे, पण त्याच दगडाचा पायथ्याला गडगा रचून मगच वर माती टाकत. खाणीने गडगा रचला नाही. दर पावसाळ्यात गाळ माझ्या भातात येत राहिला. मी अर्ज करीत राहिले.

२. अखेर १९८२ च्या पावसाआधी आपली योजना टँकर घेऊन आली. ढिगावर पांढरे चिकट औषध आणि गवताचे बी फवारले. औषध माती धरून ठेवते असे आपल्या पर्यवेक्षकांनी सांगितले. गावाने त्याला डिंक म्हटले. माझ्या पुतण्याची, नागूची, बायको हिरू टँकरवाल्याला विचारती झाली, "एवडा डिंक? डोंगर बाळंतीण हाय काय?" गवत उगवले, हे मी नाकारीत नाही. दिवाळीनंतर आपले वरचे पाहुणे पाहणीला येणार होते. तोवर गवत आडवे पडू नये म्हणून आपण उभ्या गवतावरच डिंकाचा दुसरा हात मारलात. पाहुणे आले, फोटो निघाले, 'चरणे व कापणे मना' असा फलक लागला.

३. शिमग्याच्या सुमारास नागू कोयता घेऊन निघाला. मी फलकाची आठवण दिली. तो म्हणाला, "काकी, वरकस आपला, गवत बी आपलंच. इचारायचं कुनाला?" मला ते पटले, आजही पटते. गवत आणून राबाच्या जागी पसरले, पेटवले. त्याची राख झालीच नाही. लाखेसारखे वितळून ते जमिनीवर पसरले आणि थिजले. पाऊस पडल्यावर त्यावर पाणी थांबले आणि भाताचे बी तरंगले. सत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मी कळंबला बहिणीच्या दारी रोप मागायला गेले. तक्रार केली, तर आपले उत्तर आले की सदर गवत शोभेचे होते, राबासाठी नव्हते.

४. मागून आणलेले ते रोप लावले आणि श्रावणात ढीग खाली आला. डिंकाने वरची कातडी धरली होती. पाणी आत मुरले आणि पायथ्याला अडवायला काही नव्हते. घोंगडी सरकावी तसा तो गवतासकट, फलकासकट माझ्या भातावर येऊन बसला. हिरू एवढेच म्हणाली, "झाली बाई मोकळी." आपल्या पर्यवेक्षकांनी मात्र पाहणी करून लिहिले की गवत अद्याप जिवंत आहे, सबब स्थिरीकरण यशस्वी, क्षेत्र तेवढे खाली सरकले आहे.

५. पीक गेलेच होते. निदान जमीन मोकळी व्हावी म्हणून पौषात नागू आणि मी ढीग उपसू लागलो, तर आपली नोटीस आली. संरक्षित हिरवळीचा नाश केला, कारवाई का करू नये याचा खुलासा करावा. माझे खाचर, माझा सातबारा, आणि नाश मी केला. पर्यवेक्षकांना विचारले, तर ते फलकाला बुटाचे टोक लावून म्हणाले, "आजी, जिथे गवत तिथे योजना." उद्या ते माझ्या ओसरीवर उगवले तर मी कुठे निजावे, हेही लेखी कळवावे.

६. राब भाजायचे दिवस आले आहेत. राबाची जागा ढिगाखाली आहे. ती शिमग्याआधी मोकळी झाली नाही तर यंदाही रोप नाही, आणि दरसाल बहिणीच्या दारी मी जाणार नाही. वर उरलेल्या ढिगाला आधी गडगा घालावा, पायऱ्या पाडाव्यात, मग निर्गुडी, कारवी, वाळा लावावा. त्यावर डिंक फवारायची हौस असेल तर खुशाल फवारावा, पण ते गवत कुठे उगवले म्हणून माझी जमीन आपली समजू नये.

७. आपण खुलासा मागितला आहे. तो असा. गवत मी काढले. नागूने माझ्या सांगण्यावरून काढले, त्याचे नाव नोटिशीतून कमी करावे. हा अर्ज देऊन परत गेल्यावर पुन्हा काढणार आहे. कारवाईसाठी माणूस पाठवाल तो खाचरावर पाठवावा. मी घरी सापडणार नाही.

आपल्या ढिगाखालची खातेदार,
भागूबाई कोम कोंडाजी घारे
करंजपाडा, दिनांक ९ फेब्रुवारी १९८४

सोबत :
(१) नोटिशीची नक्कल.
(२) सातबाऱ्याचा उतारा.
(३) राबाच्या जागेचे एक ढेकूळ, ढीग खाली येण्याआधी काढून ठेवलेले, कापडी पिशवीत. साहेबांनी ते स्वतः पाण्यात घालून पाहावे. पिशवी परत करावी.