बोळावरचा पूल आणि अक्काचे गुडघे

चि. खारूताईस, मामाचे पोटभर आशीर्वाद.

तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील आणि डोळ्यांना त्या स्क्रीनपासून अधूनमधून सुट्टी देत असशील, असं धरून चालतो. (पुलांची एवढी मोठी इंजिनिअर झालीस तरी तुला खारूताईच म्हणणार. पेन्सिली कुरतडणारी पोर कुणी विसरतं का?) इकडे मी ठणठणीत, मामी ठणठणीत, आणि तुझी आई, म्हणजे आमची अक्का, गुडघे सोडून बाकी सगळी ठणठणीत. जीभ तर विशेषच.

गुडघ्यांपासूनच सुरुवात करतो, कारण सगळं तिथूनच उपटलं. जिना उतरणं तिला आता जमत नाही, आणि तिच्या खिडकीतून दिसतं काय, तर आमच्या घराची पाठ नि पाण्याचे पाइप. आमच्या पुढच्या गॅलरीतून मात्र अख्खा बाजाररस्ता दिसतो. कोण कुणाशी भांडलं, कुणी नवी गाडी घेतली, सगळं. मधे फक्त बोळ, तोही असा की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावं लागतं. म्हटलं, जन्मभर लोकांची ग्रिलं नि गेटं केली, बहिणीसाठी एक पूल नको? वरच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर, दोन गर्डर, वर जाड पत्रा, दोन्हीकडे कठडा. चालत यायचं, गॅलरीत बसून लोकांना नावं ठेवायची आणि परत जायचं.

पण अंदाजपंचे काम करायचं नाही असं ठरवलं आणि तू ठेवून गेलेल्या लॅपटॉपवर ते फायनाइट एलिमेंटचं गणित शिकायला बसलो. मला समजलं ते असं: लॅपटॉपच्या आत गर्डरचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाला विचारायचं की बाबा, शेजारी तुला किती ढकलतोय, आणि सगळ्यांच्या तक्रारी जुळेपर्यंत हिशेब करायचा. (सोसायटीची मीटिंगच ती, फक्त इथे शेवटी काहीतरी ठरतं.) पहिल्या खेपेला गर्डरची टोकं भिंतीवर टेकवायलाच विसरलो. अक्काचं वजन ठेवलं मात्र, पूल तिच्यासकट जो सुटला तो आकड्यांवरून चंद्रापलीकडे गेलेला. दुसऱ्या खेपेला मापांचा घोळ झाला आणि अक्का मालगाडीच्या इंजिनाएवढी भरली. तिसऱ्या खेपेला जमलं. पूल उभा केला, नगरपालिकेचे इंजिनिअर येऊन त्यावर पाय आपटून गेले, सही झाली.

इथवर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण हौस. लॅपटॉप काखेत मारून अक्काला चित्र दाखवायला गेलो. आता तुला ठाऊकच आहे, ते चित्र वाकणं कितीतरी पटींनी वाढवून दाखवतं, डोळ्याला दिसावं म्हणून. खरा पूल वाकतो दोन नाण्यांच्या जाडीएवढा. चित्रात तो झोळीसारखा लोंबत होता आणि मधोमध लालभडक. मी परोपरीने समजावलं. तिने चष्मा पुसून ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे हेही तुझ्यासारखंच. पराचा कावळा करतं.” त्या दिवसापासून पुलावर पाय ठेवायला तयार नाही.

मग मी रोज संध्याकाळी आमचा जिना उतरतो, तिचा चढतो (पुलावरून गेलो तर डोळे मिटून घेते) आणि नवं चित्र दाखवतो. एकदा लालच्या जागी हिरवा रंग भरून नेला, तर म्हणे, “रंग लावून खपवायला आलास होय?” तिच्यासमोर पुलावर उड्या मारल्या, तर म्हणे, “तुझं वजन ते काय.” मामी त्यावरून आमटीचं पातेलं नेते, कठड्यावर चादरी वाळत घालते, गल्लीतलं मांजर तिथे दुपारभर पसरलेलं असतं. जिच्यासाठी केला तीच तेवढी येत नाही. गॅलरीत तिच्यासाठी ठेवलेली खुर्ची रिकामी बघवत नाही गं.

बाकी सगळं झकास. मामीचा आशीर्वाद.

तुझा मामा

ता. क. काम असं काही नाही, पण दोन दिवस येऊन जा. पुलाच्या बाबतीत ती फक्त तुझं ऐकेल. येताना ते पिवळं हेल्मेट घालून ये, छाप पडते.

ता. क. दुसरा. खाली अक्कासाठी जागा सोडली आहे. पाकीट तीच चिकटवेल. वरचं वाचायचं नाही असं बजावलंय.

खारे, आई लिहितेय. वरचं वाचलं. रोज दुपारी तुझा मामा घोरायला लागला की मी पुलावरून जाते, गॅलरीत बसते, मामीच्या हातचा चहा घेते आणि तो उठायच्या आत परत. पूल पक्का आहे. पण उघड गेले, तर हा संध्याकाळी माझ्याकडे कशाला येईल? आता येतो, चित्रं दाखवतो, जेवायला हाक येईपर्यंत हलत नाही. तू नक्की ये. मात्र कितीही ओढलंस तरी मी अर्ध्यातून परत फिरणार, आधीच सांगून ठेवते. मधोमध उभं राहिलं की तो किंचित झुलतो. मला फार आवडतं. मामाला बोलू नकोस, लगेच खालून खांब ठोकेल.