एकशे बारा होकार

४ मार्च, सोमवार

खुर्ची मिळाली. एक पाय आखूड. पुठ्ठ्याची घडी लावली, आता डुलत नाही.

चोपन्नाव्या वर्षी नोकरीचा पहिला दिवस! तीस वर्षं दुसऱ्यांना पगार दिला. दुकान पुतण्याच्या हवाली केलं तेव्हा तो म्हणाला, काका, आराम करा. आराम मला जमत नाही, एवढंच खरं कारण. बायकोला मात्र समाजाचं ऋण वगैरे सांगितलं. ती म्हणाली, ऋण फेडा, पण डबा परत आणा, मागचे दोन हरवलेत.

संस्थेच्या प्रमुख वयाने माझ्या मुलीएवढ्या. सगळे ताई म्हणतात, मग मीही. पहिल्यांदा जीभ अडखळली, दुपारपर्यंत सरावली. काम असं — अकरा इमारती, प्रत्येकीत बारा घरं, लिफ्ट नाही. खाली सायकलींची जुनी खोली रिकामी पडलीय. तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसाचं केंद्र काढायचं: बसायला, वाचायला, आठवड्यातून एकदा डॉक्टर. पण खोली चालवायची रहिवाशांनी, आपण नाही. ३१ तारखेला सभा. चाळीस घरं जबाबदारी घ्यायला उभी राहिली तर खोली मिळेल, नाहीतर वसाहतीचा मालक तिचं गोदाम करणार. माझी नोकरीही तिथवरच तात्पुरती. पुढचं सभेनंतर.

मी म्हटलं, ताई, भर थंडीत कूलर विकलेला माणूस आहे मी. ही तर फुकटची वस्तू.

त्या हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.

७ मार्च, गुरुवार

तेवीस घरं झाली. दार कसं उघडतं त्यावरून अर्धं कळतं. कडी झटक्यात निघाली तर घरात तरुण माणूस. आधी चपला घासल्याचा आवाज, मग साखळी, मग “कोण?” — तिथे माझं खरं गिऱ्हाईक.

सातव्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर एक निवृत्त घड्याळजी. दोन वर्षं खाली उतरलेला नाही. खिडकीशी बसून असतो. माझं मनगट धरलं, घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाला, दिवसाला चार मिनिटं मागे पडतंय. काल रात्रीच लावलं होतं, घरी येऊन तपासलं. चार!

८ मार्च, शुक्रवार

शिवणकाम करणारी एक बाई आहे, तळमजल्यावर. वसाहतीत तिला कात्री म्हणतात, धंद्यावरूनही आणि जिभेवरूनही. माझं पूर्ण ऐकून घेतलं, दोरा तोडला, म्हणाली, “नाही.”

का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. एक गिऱ्हाईक गेलं तर दुकान बुडत नाही.

१६ मार्च, शनिवार

एकशे बत्तीस घरांपैकी एकशे बारा होकार!! पाय सुजलेत. बायकोने गरम पाण्याची बादली दिली आणि म्हणाली, निवडणूक लढवताय का?

१८ मार्च, सोमवार

ताईंना आकडा सांगितला, जरा तोऱ्यातच. त्यांनी विचारलं, कसे म्हणाले?

कसे म्हणजे? हो म्हणाले.

“तसं नाही. त्यांच्यासारखं म्हणून दाखवा.”

नकला मला चांगल्या येतात. एकेक दार आठवत सुरू केलं. “हो हो.” “हो हो, होईल ना.” “हो हो, तुम्ही सुरू करा, आम्ही आहोतच.” चौथ्या-पाचव्या नकलेला माझाच आवाज माझ्या कानात अडकला.

तीस वर्षं काउंटरमागे उभा होतो. घ्यायचं असलं की माणूस एकदाच ‘हो’ म्हणतो आणि किंमत विचारतो. “हो हो, उद्या येतो” म्हणणारा उद्या आलेला मी जन्मात पाहिला नाही. नोकरांना पहिल्याच दिवशी शिकवायचो हे. मग इथे कसं ऐकू आलं नाही?

दुकानात मला माल विकायचा असे, म्हणून कान उघडे असत. इथे मी पुण्य करत होतो.

पुन्हा मोजले. एकेरी ‘हो’: नऊ.

१९ मार्च, मंगळवार

कात्रीकडे गेलो. म्हटलं, अख्ख्या वसाहतीत तुम्हीच माझ्याशी खरं बोललात, आता कारणही सांगा. तिने स्टूल पायाने पुढे सरकवलं. दोन तास बसलो. मशीन चालू, बोलणं चालू.

म्हणाली, “तुमच्या खोलीत येणार कोण? जो आपापला खाली उतरतो, त्याला खोली लागत नाही. ज्याला लागते, तो उतरत नाही.”

मी म्हटलं, वयच झालेलं असतं.

“वय नाही हो, कठडा! जिन्याला एकाच बाजूला आहे. चढताना डाव्या हाताला येतो, उतरताना उजव्या. घड्याळजींचा उजवा हात गेलाय. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून चढून घरी आले, ते आलेच. उतरताना धरायचं काय?”

मी त्या जिन्याने किती वेळा चढलो-उतरलो! कठड्याला हात लावून!

आणि हिला कसं माहीत? तर मापं घ्यायला घरोघरी जाते. कुणी म्हणतं बटणं काढून नाडी लाव, कुणी म्हणतं बाही सैल कर, हात वर जात नाही. “बोटं गेल्याचं मला आधी कळतं, घरच्यांना नंतर.” बोलता बोलता तिने अडकून पडलेली माणसं सांगितली, इमारतीवार. कागद नाही, काही नाही. एकतीस माणसं. कोणाचा गुडघा, कोणाची नजर, कोण चौथ्या पायरीवर घाबरतं.

मी एकशे बत्तीस दारं वाजवली. ही माणसं दारामागेच होती.

२० मार्च, बुधवार

रात्री नीट झोप नाही. ताईंना सगळं सांगितलं. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. तीन वर्षांचा आराखडा खोलीभोवती रचलाय, म्हणाल्या, जिना कुणी पाहिलाच नाही.

२१ मार्च, गुरुवार

मालकाची परवानगी ताईंनी आणली. वेल्डर मी आणला, दुकानापासूनच्या ओळखीतला. आधी फक्त सातव्या इमारतीत दुसरा कठडा. उंची कात्रीने ठरवली, गळ्यातल्या टेपने. वेल्डर म्हणाला, बाई, नियमाची उंची वेगळी असते. ती म्हणाली, नियम उतरून दाखव, मग बोलू.

पायऱ्या अठ्ठेचाळीस. चार दिवसांचं काम.

२७ मार्च, बुधवार

कसं लिहू कळत नाही.

सकाळी घड्याळजी बाहेर आले. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली. डावा हात नव्या कठड्यावर. सून दोन पायऱ्या खाली, मी दोन पायऱ्या वर. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. मधल्या मजल्यांवरची दारं एकेक करून उघडत गेली. एका घरातला रेडिओ कुणीतरी बंद केला. मला फक्त त्यांचा श्वास आणि कठड्यावरून सरकणारा तळवा ऐकू येत होता.

सतरा मिनिटं. आयुष्यात दुकानं उघडली, घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. एवढी मोठी गोष्ट घडताना मी पाहिली नव्हती.

खाली येऊन ते फाटकाशी उभे राहिले. मग म्हणाले, “रस्ता रुंद केला वाटतं. कधी केला?”

आम्हा कुणालाच आठवेना.

२८ मार्च, गुरुवार

न बोलावता अकरा घरं कार्यालयात. आमच्या जिन्याला कधी?

३१ मार्च, रविवार

सभा. मी मागे बसलो. बोलायचं भाषण खिशातच राहिलं, बरं झालं. कात्रीने सांगितलं की कठडे आता सगळीकडे बसतील, पण उतरल्यावर माणसाला टेकायला जागा हवी, आणि ती उघडायला रोज कुणीतरी हवं. बस्स, एवढंच.

लोक उभे राहिले. कुणी म्हणालं मंगळवार माझा. कुणी म्हणालं किल्ली माझ्याकडे ठेवा, मी पाचला उठतो. एक बाई म्हणाली मी वाचून दाखवीन, पण बातम्या नाही, गोष्टी.

त्रेपन्न घरं. खोली आपली!

२ एप्रिल, मंगळवार

ताईंनी कायमच्या नेमणुकीचं पत्र पुढे सरकवलं. वाचलं. म्हटलं, पद बरोबर, पगार बरोबर, नाव चुकलंय. त्यांनी पेन दिलं. माझं खोडून मी कात्रीचं खरं नाव लिहिलं. कालच विचारून आलो होतो. तिलाही, आणि नावही.

सोमवारपासून मी तिच्या हाताखाली.