लाकडी नंदीचं वशिंड

शहापूर, पोळ्याच्या आठ दिवस आधी

प्रिय हर्षा,

शेजारच्या ताराबाईचा मनिष पुण्याले येऊन राहिला, त्याच्या हाती तुझा लहानपणचा लाकडी नंदी पाठवतो. तुझ्या अंजूले मी कबूल केलं होतं, का तुमच्या कॉलनीतल्या पोरांच्या तान्ह्या पोळ्यात ती आईचाच लाकडी नंदी मिरवेल. पोरगी रोज फोनवर इचारते, आजोबा, झाला का? झाला नाही. उधईनं वशिंड पोखरलं अन् एक शिंग पार गेलं. आता जे करायचं ते तुलेच करा लागते.

सोबत पुट्टीच्या दोन कांड्या आहेत, पांढरी अन् काळी. दोन्हीतून बोराएवढा सारखाच गोळा घे. रंग एक होईस्तोवर मळ, रेघ राहिली तर ते वाळतच नाही. मळल्यावर दहा मिनिटं हात लावू नको, नाही तर नुसती बोटाले चिकटते. बोट पाण्यात बुडवत राहा. शिंगाच्या आत तार घाल. आधी वशिंडाचा मोठा आकार बसव अन् रातभर वाळू दे, मानेच्या वळ्या दुसऱ्या दिवशी. एकाच बैठकीत सगळं करायले जाशील तर एक नीट करता करता दुसरं दबते.

अन् माझ्यासारखा येडेपणा करू नको. कामाले बसायच्या आधी मी सवयीनं नंदीची खांद शेकली! खऱ्या बैलाले लावतो तसं हळद-तूप चोळलं अन् त्याच तुपावर पुट्टी चढवली. सकाळी वशिंड पाटावर, नंदी बाजूले. तुझी आई हसून हसून बेजार झाली. म्हणून लाकूड आधी साबणानं धू, वाळव, मंग सँडपेपरनं घास.

ते घासून मी पुन्हा बसवलं. शिंग वाकडं झालं. तिसऱ्यांदा चांगला असलेला कानही मोडला. आईले म्हटलं, पुट्टीच खराब निघाली. दुकानदाराले उगाच दोन शिव्या घातल्या.

पुट्टी चांगली आहे, हर्षा. माझा हात थरथरते. दिवाळीपासून. भंडाऱ्याचा डॉक्टर म्हणते, हे थांबणार नाही, वाढतच जाईल. आई आता मले चहा अर्धाच कप देते. सागाच्या ठोकळ्यातून हा नंदी याच हातानं कोरला होता, अन् आता मले सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. काय करावं, समजत नाही. चार दिवसांपासून हे पत्र लिहून राहिलो, अक्षर पाहूनच तुले समजलं असेल. फोनवर तुझा आवाज ऐकला का तोंडातून एकच निघते, मी मस्त आहो. म्हणून लिहिलं. मी मस्त नाही आहो, बाई.

तुझाच,
बाबा